कोकणातून स्पॅनिश शिकताना: मिशनरी होऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दर जूनमध्ये मासेमारीची बंदी सुरू होते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. त्याच सुमारास वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी स्पॅनिशचा नवा वर्ग भरतो. आसपासच्या कॅथलिक धर्मसंस्थांच्या प्रशिक्षणगृहांतून मुले आणि मुली येतात. कोणी मालवणचे असते, कोणी सावंतवाडीचे, कोणी रेवदंड्याचे, तर कोणी थेट वसईहून आलेले. त्यांच्यापैकी काहींना तीन-चार वर्षांनी बोलिव्हिया, पॅराग्वे किंवा मेक्सिकोला पाठवले जाईल, हे त्यांच्या संस्थेने जवळपास ठरवलेले असते. पहिल्याच दिवशी ती सगळी एकच प्रश्न विचारतात: "सिस्टर, स्पॅनिश यायला किती दिवस लागतात?"

मी बोलिव्हियात अकरा वर्षे काढली, आणि ही भाषा मी बरीच उलट्या मार्गाने शिकले. आधी इंग्रजीतून शिकले, मग ते सगळे पुसून मराठीतून पुन्हा शिकले. म्हणून माझे सांगणे असे, की कोकणातल्या मुलाने स्पॅनिशकडे मराठीच्या आणि आपल्या बोलीच्या दारातून जावे, इंग्रजीला मध्ये घेऊ नये, आणि भाषा आधी ऐकण्यासाठी शिकावी, बोलण्यासाठी नंतर. पुढचे सगळे मार्गदर्शन याच दोन गोष्टींभोवती आहे.

पहिली पायरी: प्रशिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर किती भाषा

उत्साहाच्या भरात बहुतेक जण इथेच चुकतात. संस्थेत दाखल झाल्यावर उमेदवारीचा काळ असतो, मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रते घेण्याआधीचा जडणघडणीचा काळ, मग पहिली व्रते, मग पुढचे शिक्षण. चर्चच्या कायद्यानुसार नोव्हिशिएटमध्ये प्रवेशासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचे असते आणि त्यानंतरची तात्पुरती व्रते किमान ३ व कमाल ६ वर्षांसाठी असतात. नोव्हिशिएटच्या १२ महिन्यांत, या जडणघडणीला थेट उपयोगी नसलेला अभ्यास किंवा काम नोव्हिसांवर टाकू नये, असेही तोच कायदा सांगतो. त्या वर्षी मनाने पूर्णपणे त्या घरातच असायचे असते.

म्हणून भाषेची वाटणी अशी करावी. उमेदवारीच्या काळात फक्त उच्चार, शंभर-दोनशे शब्द आणि साधी वाक्ये शिकावीत. नोव्हिशिएटमध्ये व्याकरणाचे पुस्तक बंद ठेवावे, आणि नोव्हिस मास्टरांची किंवा मिस्ट्रेसची परवानगी असेल तर दोन-तीन प्रार्थना तेवढ्या स्पॅनिशमध्ये पाठ कराव्यात. खरा, घाम गाळून करायचा अभ्यास पहिल्या व्रतांनंतर सुरू करावा. माझ्या पाहण्यात असे आले आहे, की नोव्हिशिएटमध्ये लपूनछपून क्रियापदे घोकणाऱ्या मुलांची ना प्रार्थना धड होते, ना क्रियापदे लक्षात राहतात.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून मनात असू द्यावी. वसईत सुमारे १५५७ साली जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया पंधराएक वर्षांचे असताना जेझुइट संघाच्या मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले आणि तिथल्या लोकांत राहून जपानी शिकले. पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाच्या स्पॅनिश मिशनऱ्यांचे ब्रदर झाले, आणि १५९३ मध्ये ते फ्रान्सिस्कन जपानला गेले तेव्हा त्यांचा दुभाष्या होता हा वसईचा ब्रदर. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या मिशनकार्यात भाषा ही प्रवचनाआधीची सेवा होती: दोन माणसांच्या मध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत प्रामाणिकपणे पोहोचवण्याची.

दुसरी पायरी: सहा आठवडे नुसते कान

पहिले सहा आठवडे वहीत काहीही लिहू नये. रोज अर्धा तास ऐकावे आणि ऐकलेले तोंडातल्या तोंडात म्हणावे. व्हॅटिकन न्यूजच्या स्पॅनिश बातम्या यासाठी चांगल्या, कारण विषय ओळखीचे असतात आणि पोप, बिशप, शहरे यांची नावे मध्ये मध्ये येऊन कानाला आधार देतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही कधी जातील ते सांगता येत नाही, म्हणून आठवड्याचे ऐकणे रविवारीच मोबाइलवर उतरवून ठेवावे.

उच्चारांच्या बाबतीत मराठी मुलगा इंग्रजी बोलणाऱ्याच्या फार पुढे असतो, पण त्याला ते ठाऊक नसते. स्पॅनिश भाषेचा त हा आपला दंत्य त आहे आणि द हा आपला दंत्य द. शाळेत इंग्रजी शिकताना आपल्याला त्या अक्षरांना ट आणि ड म्हणायची सवय लागलेली असते, म्हणून मुले 'टोमाटे' आणि 'डोस' म्हणतात. हे तोमाते आहे आणि दोस आहे. मी वर्गात पहिले तीन दिवस एवढेच करून घेते. क आणि प म्हणताना हवा बाहेर टाकायची नाही, हेही आपल्याला शिकावे लागत नाही, कारण क आणि ख, प आणि फ हे आपण जन्मापासून वेगळे ठेवत आलो आहोत.

स्वर पाचच आहेत: आ, ए, इ, ओ, उ. ते सगळे आखूड आणि स्वच्छ म्हणायचे असतात. 'ह'चे अक्षर (h) लिहिले जाते पण उच्चारले जात नाही. ब आणि व यांची दोन अक्षरे असली तरी उच्चार एकच आहे, त्यामुळे गाय म्हणजे बाका. 'खोता' नावाचे अक्षर (रोमन j) घशातून घासून आलेल्या ख सारखे वाजते, आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ते मऊ होऊन ह सारखे ऐकू येते. एन्ये म्हणजे आपला ञ, जो आपण मराठीत लिहितो पण क्वचितच स्वतंत्र म्हणतो.

एकाच अक्षरावर मेहनत घ्यावी लागते, ते म्हणजे दुहेरी र. पेरो म्हणजे 'पण' आणि पेर्रो म्हणजे कुत्रा. साधा र आपलाच आहे. दुहेरी र साठी, लहान मुले होडीच्या इंजिनाचा टर्रर्र असा आवाज काढतात तो आठवावा आणि जिभेचे टोक वरच्या दातांच्या थोडे मागे सैल सोडून हवेने थरथरू द्यावे. सकाळी तोंड धुताना दोन मिनिटे केले तर महिन्याभरात बहुतेकांना जमते.

आघातही कानानेच शिकावा. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर उच्चाराच्या शेवटून दुसऱ्या तुकड्यावर येतो, नाहीतर शेवटच्यावर, आणि याला अपवाद असेल तिथे अक्षरावर तिरकी रेघ दिलेली असते. पापा या एका शब्दात हे सगळे दिसते. जोर शेवटी दिला की तो बाबा होतो. जोर आधी दिला आणि पुल्लिंगी ठेवला, 'एल पापा', की तो पोप होतो, आणि स्त्रीलिंगी केला, 'ला पापा', की लॅटिन अमेरिकेत तो बटाटा होतो.

तिसरी पायरी: घरातले शब्द गोळा करणे

सहा आठवडे झाले की वही उघडायची, पण पुस्तकातली यादी घ्यायची नाही. मी मुलांना घरी पाठवते आणि सांगते, की स्वयंपाकघरातल्या आणि ओटीवरच्या वस्तूंची नावे लिहून आणा. मग आम्ही ती टेबलावर पसरतो.

पाव हा पोर्तुगीजांबरोबर आलेला शब्द, आणि स्पॅनिशमध्ये तो पान. साबण म्हणजे खाबोन. मेज म्हणजे मेसा. परात जिथून आली त्याच मुळाचा स्पॅनिश शब्द प्लातो, म्हणजे ताटली. चावी म्हणजे याबे. तिजोरीच्या मुळाशी असलेला शब्द स्पॅनिशमध्ये तेसोरो, म्हणजे खजिना. बादलीला बाल्दे. दाराची बिजागरी तर जवळजवळ तशीच आहे: बिसाग्रा. पाद्री म्हणजे पाद्रे, इगर्जी, म्हणजे चर्च, ते इग्लेसिआ, खुरीस म्हणजे क्रुस, नाताळ म्हणजे नाबिदाद. आणि आपण महिन्याच्या शेवटी ज्याची वाट पाहतो तो पगार हा स्पॅनिशमध्ये क्रियापद आहे, पागार, म्हणजे पैसे देणे, फेड करणे. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण लेखाच्या शेवटी त्याची पुन्हा गरज पडेल.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी असल्यामुळे हे घडते. ज्यांना जमेल त्यांनी एकदा रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला जाऊन यावे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजवर आधारलेली एक मिश्र बोली घराघरांत बोलली जाते. चौल पोर्तुगीजांच्या हातून १७४० मध्ये गेले, तरी ही बोली टिकली, आणि तिच्यावर मराठीचा थर चढत गेला. तिथल्या आजीबाईंचे बोलणे पाच मिनिटे ऐकले, की परकी भाषा आपल्या किनाऱ्यावर येऊन आपली कशी होते हे पुस्तकाशिवाय समजते.

दररोज नवे शब्द पंधराच घ्यावेत. एकेका शब्दापुढे मराठी अर्थ लिहिण्याऐवजी, शक्य तिथे आपल्या बोलीतला शब्द लिहावा. उदाहरणार्थ, पाण्यातला जिवंत मासा स्पॅनिशमध्ये पेस, आणि पकडून खायला आणलेला पेस्कादो. प्रमाण मराठीत दोन्ही मासेच, पण मालवणीत आपण बाजारातून आणतो ते म्हावरे. वहीत 'पेस्कादो, म्हावरे' असे लिहिणाऱ्या मुलीला हा फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

याच शब्दावर माझी मोठी चूक झाली. तितिकाका सरोवराच्या काठी एका घरात वृद्ध आजींनी तळलेला मासा वाढला, आणि मला मासे फार आवडतात हे सांगताना माझ्या तोंडातला स निसटला. मी 'पेकादो' म्हणाले, म्हणजे 'मला पाप फार आवडते'. आजी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी बोटाने ताटातल्या माशाला हळूच स्पर्श केला आणि तीन तुकडे करून म्हणाल्या, "पेस्, का, दो." मीही तसेच तीनदा म्हणाले, तेव्हा त्यांनी आणखी एक तुकडा वाढला. तेव्हापासून मी वर्गात प्रत्येक शब्द आधी तुकडे पाडून म्हणायला लावते, विशेषतः मध्ये स येत असेल तेव्हा.

चौथी पायरी: व्याकरण मराठीच्या आरशात

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे डोंगर वाटतात त्यांपैकी निम्मे आपल्याला अंगणासारखे सपाट आहेत.

'मला समुद्र आवडतो' हे वाक्य घ्या. यात आवडणारा समुद्र हा कर्ता आहे आणि मी 'मला' होऊन बाजूला उभी आहे. स्पॅनिशमध्ये नेमके हेच: 'मे गुस्ता एल मार'. अनेक गोष्टी असतील तर आपण 'आवडतात' म्हणतो, तेही 'गुस्तान' म्हणतात. इंग्रजीतून गेलेला मुलगा इथे 'मी आवडतो' अशी काहीतरी रचना करून अडकतो. 'माझे डोके दुखते' हे 'मे दुएले ला काबेसा', म्हणजे 'मला डोके दुखते', आणि आपल्याकडेही कित्येक घरांत तसेच म्हणतात. भूक मात्र वेगळी आहे: त्यांच्याकडे भूक लागत नाही, ती 'असते', 'तेंगो आम्ब्रे', म्हणजे माझ्याकडे भूक आहे.

'मी' न म्हणता 'जातो, येते, खाईन' असे आपण बोलतो, आणि क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो. स्पॅनिशमध्येही सर्वनाम सहसा गाळतात. त्यामुळे क्रियापदाचे शेवट नीट म्हणणे महत्त्वाचे, ते गिळून चालत नाही.

भूतकाळ दोन आहेत, आणि त्यांत सगळे जण गोंधळतात. मी असे सांगते: 'काल मी मालवणला गेलो' यासाठी एक रूप, आणि 'लहानपणी मी मालवणला जात असे' किंवा 'जायचो' यासाठी दुसरे. पुस्तकातला नियम विसरलात तरी मराठीत मनात 'जायचो' बसते का ते पाहावे, बसले तर दुसरे रूप घ्यावे. दहापैकी नऊ वेळा हे बरोबर येते.

'आहे' साठीही दोन क्रियापदे आहेत, सेर आणि एस्तार, आणि ही अडचण खरी आहे, कारण मराठीत एकच 'आहे' आहे. यासाठी मी दोन प्रार्थना पाठ करून घेते. प्रभूच्या प्रार्थनेत 'पाद्रे नुएस्त्रो, के एस्तास एन एल सिएलो' येते, आमच्या पित्या, जो तू स्वर्गात आहेस. इथे जागा सांगितली आहे, म्हणून एस्तार. नमो मरियेत 'येना एरेस दे ग्रासिआ' येते, तू कृपेने परिपूर्ण आहेस, आणि तिथे सेर आहे, कारण ही मरियेची ओळख आहे. त्याच वेळी हेही सांगावे, की प्रार्थनेची भाषा जुनी आहे, आणि रोजच्या बोलण्यात पेला भरलेला आहे असे म्हणताना एस्तारच वापरतात.

आणि मग येतो तो भाग ज्याला सगळी पुस्तके सर्वांत कठीण म्हणतात: इच्छा, विनंती, आशीर्वाद यांसाठी क्रियापदाचे वेगळे रूप. इंग्रजीत ते जवळजवळ नाहीसे झाले आहे. मराठीत ते रोज आपल्या जिभेवर असते. 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' यातले 'यावे', 'देव तुझे भले करो' यातले 'करो', 'तुझे राज्य येवो' यातले 'येवो'. प्रभूची प्रार्थना स्पॅनिशमध्ये म्हणून पाहा: 'सान्तिफिकादो सेआ तु नोम्ब्रे', तुझे नाव पवित्र मानले जावो. 'बेंगा आ नोसोत्रोस तु रेइनो', तुझे राज्य आम्हाकडे येवो. 'आगासे तु बोलुन्ताद', तुझी इच्छा पूर्ण होवो. जावो, येवो, होवो: तीन ओळींत तीनदा तेच रूप आले. ही प्रार्थना दोन्ही भाषांत लहानपणीच्या श्रद्धेने म्हणणाऱ्या मुलाला हे रूप समजावून सांगावे लागत नाही, फक्त दाखवावे लागते. मी हा धडा नेहमी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घेते, आणि त्या दिवशी वर्गात जी शांतता असते ती मला फार प्रिय आहे.

लिंगे दोनच आहेत, नपुंसकलिंगी नामे नाहीत, एवढे सांगून मी पुढे जाते. तू, तुम्ही, आपण यांबद्दल मात्र थोडे अधिक. वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसाला 'उस्तेद' म्हणावे, आणि त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषाचे येते, जसे आपण 'साहेबांनी बसावे' म्हणतो. मेक्सिकोत जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या तू सारखाच आहे. अर्जेंटिनात त्याऐवजी 'बोस' म्हणतात. नव्याने गेलेल्याने सगळ्यांना उस्तेद म्हणावे आणि समोरचा स्वतःहून जवळ घेईपर्यंत थांबावे. देवाला मात्र ते प्रार्थनेत तू म्हणतात, आणि आपणही.

पाचवी पायरी: दिवसाची आखणी

पहिल्या व्रतांनंतर, तत्त्वज्ञानाचे वर्ग आणि घरातली कामे सांभाळून, रोज दोन तास भाषेला मिळाले पाहिजेत. ते सलग नकोत. पहाटेची प्रार्थना आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर नाश्त्यापूर्वी अर्धा तास कालचे शब्द मोठ्याने म्हणावेत. दुपारी, सगळे विश्रांती घेत असतात तेव्हा पाऊण तास व्याकरण आणि लेखन करावे. संध्याकाळी बाकीचा वेळ बोलण्यासाठी ठेवावा. बोलिव्हिया आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे ९.३० वाजलेले असतात. संस्थेचे तिथे घर असेल तर आठवड्यातून दोनदा तिथल्या एखाद्या सिस्टर किंवा ब्रदरशी व्हिडिओवर बोलण्याची व्यवस्था वरिष्ठांना विचारून करून घ्यावी.

वाचनासाठी मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. ते १६ अध्यायांचे, चारांत सर्वांत छोटे, आणि त्याची सुरुवातच आपल्या ओळखीच्या जगात होते. पहिल्याच अध्यायात सरोवराचा काठ, होडी, जाळे टाकणारे भाऊ, आणि होडीत बसून जाळी तुणणारे याकोब आणि योहान येतात. होडी म्हणजे बार्का, जाळी म्हणजे रेदेस, कोळी म्हणजे पेस्कादोर. डावीकडे मराठी, उजवीकडे स्पॅनिश ठेवून रोज दहा ओळी मोठ्याने वाचाव्यात. कथा पाठ असल्यामुळे शब्दकोश फारसा लागत नाही.

आकड्यांसाठी मी मुलांना संध्याकाळी माशांच्या लिलावाला घेऊन जाते. लिलाव हा शब्दही पोर्तुगीजांनी दिलेला. किनाऱ्यावर टोपल्या मांडलेल्या असतात, पुकारणारा मावशींच्या घोळक्यात उभा राहून "पाचशे, साडेपाचशे, सहाशे" म्हणत जातो, आणि मुलांनी प्रत्येक आकडा मनातल्या मनात स्पॅनिशमध्ये म्हणायचा असतो: किनिएन्तोस, किनिएन्तोस सिंकुएन्ता, सेइस्सिएन्तोस. गती अशी असते की विचार करायला वेळच मिळत नाही, आणि तेच हवे असते. ५००, ७०० आणि ९०० यांची रूपे अनियमित आहेत, ती इथेच पक्की होतात. बाकी आपल्या एकोणचाळीस, सत्तेचाळीस, त्र्याण्णवसारखा त्रास तिथे नाही: ३० च्या पुढे 'तीस आणि एक, तीस आणि दोन' असे सरळ चालते. गेल्या वर्षी मालवणची एक मुलगी लिलावातून परत येताना म्हणाली, "सिस्टर, मला आता मराठी आकडेच कठीण वाटतात." ती आज वर्गात सर्वांत पुढे आहे.

परीक्षा द्यायची असेल तर स्पेनच्या सेर्वान्तेस संस्थेची डेले ही परीक्षा जगभर मान्य आहे. तिचे सहा स्तर आहेत, आणि या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे. गावात राहून काम करायला तिसरा स्तर पुरतो. तिथे जाऊन धर्मशास्त्र शिकायचे असेल तर चौथ्याशिवाय जाऊ नये.

सहावी पायरी: कागदपत्रे आणि शरीर

कागदपत्रांत कोकणातल्या ख्रिस्ती मुलांना एक विशेष अडचण येते. आपली आडनावे पोर्तुगीज वळणाची आहेत: फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोम्स, लोपिस. तीच आडनावे स्पॅनिशमध्येही आहेत, पण रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाच्या शेवटी 'एस' असतो आणि स्पॅनिश वळणाच्या शेवटी 'झेड'. तिथल्या कार्यालयातला कारकून तुमचे नाव ऐकून त्याच्या सवयीने 'झेड' लिहितो, आणि मग पासपोर्टशी ते जुळत नाही. एका कार्यालयात माझ्याबरोबरच्या सिस्टरच्या निवासपत्रावर असे झाले, आणि ते दुरुस्त करायला चार महिने लागले. म्हणून प्रत्येक अर्ज भरताना पासपोर्ट समोर धरावा, आणि हातात मिळालेला कागद तिथेच उभे राहून अक्षर न् अक्षर वाचावा. तिथे वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे लिहितात, त्यामुळे आईचे माहेरचे आडनाव अर्जात विचारले जाईल, तेही आधीपासून ठाऊक असावे.

जन्मदाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि पोलिसांचा ना हरकत दाखला यांना परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा शिक्का, करून घ्यावे लागते, आणि मग त्यांचे अधिकृत भाषांतर. यात वेळ जातो, म्हणून निघण्याच्या किमान सहा महिने आधी सुरुवात करावी.

पीतज्वराची लस विसरू नये. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून भारतात परत येतानाही ते विमानतळावर दाखवावे लागते. ते नसेल तर विलगीकरणात राहावे लागते, म्हणून ते पासपोर्टच्या पाकिटातच ठेवावे.

समुद्रसपाटीवर वाढलेल्या शरीराला उंची सोसत नाही. कळसूबाई १६४६ मीटर आहे, आणि ला पाझ शहर सुमारे ३६०० मीटरवर वसलेले आहे. पहिला आठवडा जिने हळू चढावेत, जेवण हलके ठेवावे, पाणी भरपूर प्यावे, आणि डोके फार दुखू लागले किंवा बसल्या जागी धाप लागली तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे. या त्रासाला तिथे सोरोचे म्हणतात. लोक प्रेमाने कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तिथे कायदेशीर आहे, पण ती पाने भारतात आणणे हा गुन्हा आहे, त्यामुळे भेट म्हणून मिळाली तरी सामानात घेऊ नयेत.

सातवी पायरी: तिथले पहिले तीन महिने

पोहोचल्यावर पहिले तीन महिने प्रवचन, शिकवणी, सभेत भाषण यांपैकी काहीही स्वीकारू नये. वरिष्ठांनी आग्रह केला तरी नम्रपणे वेळ मागून घ्यावा. त्याऐवजी भाजी आणायला जावे, आजारी माणसाच्या उशाशी बसावे, मक्याच्या पिठाच्या पोळ्या थापणाऱ्या बायकांबरोबर चुलीपाशी बसावे. आपल्याला भाकरी थापता येत असेल तर हाताला ते लगेच ओळखीचे वाटते. बटाटा, मिरची, टोमॅटो, काजू, पेरू हे सगळे अमेरिकेतूनच आपल्याकडे आले, त्यामुळे बाजारात उभे राहून 'हे आमच्याकडेही आहे' असे सांगता येते, आणि त्यातून बोलणे आपोआप वाढते.

प्रत्येक घरात कान देऊन पाहावे, की ते आपसांत कोणती भाषा बोलतात. बोलिव्हियाच्या डोंगरात केचुआ किंवा आयमारा असते, पॅराग्वेत ग्वारानी, जी १९९२ च्या राज्यघटनेने स्पॅनिशबरोबर राजभाषा केली आहे. त्या घरातली आजी स्पॅनिश मोडकीतोडकी बोलते, आणि ती आपल्याशी स्पॅनिश बोलताना जरा अवघडलेली असते. हे अवघडलेपण कोकणातल्या मुलाला ओळखू आले पाहिजे, कारण शाळेत मालवणी, सामवेदी किंवा वाडवळी बोलल्यावर आपल्यालाही कधी ना कधी तसेच वाटलेले असते. म्हणून स्पॅनिश धड येण्याची वाट न पाहता, पहिल्याच आठवड्यात त्या आजीला तिच्या भाषेतला एक शब्द विचारावा.

मला अशाच एका आजीने पहिला शब्द आभाराचा शिकवला. केचुआत तो दिओस्पागारासुन्की. त्यात दिओस म्हणजे देव आहे, पागार म्हणजे फेड आहे, आणि बाकीचे केचुआ आहे. स्पॅनिश बोलणारे म्हातारे लोकही काही मिळाल्यावर 'दिओस से लो पागे' म्हणतात, देव तुम्हाला याची फेड करो. इथे पुन्हा तेच 'करो', तेच 'येवो'चे रूप आहे. मी ते ऐकले तेव्हा ताटात दोन उकडलेले बटाटे घेऊन बसले होते, आणि आमच्याकडे आजी दारातल्या माणसाला निरोप देताना जे म्हणायची ते मी त्या केचुआ आजीला तसेच्या तसे मालवणीत म्हणून दाखवले: "देव बरें करो." तिने ते दोनदा म्हणून पाहिले, आणि र बरोबर आला का म्हणून माझ्याकडे पाहिले.